‘शेन’ : कुटुंबासह पाहण्याजोगा वेस्टर्न चित्रपट

जॉर्ज स्टीव्हन्स दिग्दर्शित ‘शेन’ (१९५३) हा अमेरिकी वेस्टर्न चित्रपट जॅक शेफर यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेला आहे. वायोमिंगमधल्या एका खोऱ्यात शेतकरी कुटुंबे सरकारकडून मिळालेली जमीन कसत आहेत आणि गुरांचा बडा मालक रायकर त्यांना हुसकावू पाहतो. स्टॅरेट कुटुंबात कामाला राहिलेल्या शेनला (ॲलन लॅड) बंदूक कायमची सोडायची असते, पण या संघर्षात ती त्याला पुन्हा हाती घ्यावी लागते. टीटन पर्वतरांगेच्या पायथ्याशी केलेल्या छायाचित्रणासाठी लॉयल ग्रिग्ज यांना ऑस्कर मिळाले.

कथा बव्हंशी स्टॅरेट यांचा लहानगा मुलगा जोई याच्या नजरेतून उलगडते, त्यामुळे मुले तिच्यात सहज रमतात. मात्र जोईला शेनच्या बंदुकीचे विलक्षण आकर्षण आहे आणि ते पाहणाऱ्या मुलांनाही वाटू शकते, म्हणून मोठ्यांनी सोबत बसणे आवश्यक ठरते. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या डाखाऊ येथील छळछावणीचे चित्रीकरण केलेल्या स्टीव्हन्स यांनी गोळी लागून येणारे मरण हलके होऊ दिलेले नाही. टॉरी हा शेतकरी भाडोत्री मारेकऱ्याच्या गोळीने चिखलात फेकला जातो, तेव्हा बंदुकीचा आवाज मुद्दाम कानठळ्या बसवणारा ठेवला आहे. पुढे त्याच्या दफनाच्या वेळी शवपेटीजवळ घुटमळणारा त्याचा कुत्राही दिसतो. लहान मुलांना सर्वांत जड जाणारा भाग हाच. पण पडलेल्या माणसामागे कोणीतरी रडणारे उरते, हे दाखवणारा चित्रपट बेफिकीर गोळीबाराच्या चित्रपटांपेक्षा मुलांसाठी निश्चितच बरा.

दारूच्या गुत्त्यातली हाणामारी बरीच लांबते. अश्लीलता वा शिवीगाळ नाही, आणि शेन व जोईची आई मॅरियन यांच्यातली ओढ अत्यंत संयमाने सूचित केली आहे. खोऱ्यात एकही बंदूक नसती तर बरे झाले असते, असे मॅरियन शेनला स्पष्ट सांगते; तरीही तंटा अखेर बंदुकीनेच मिटतो. ही विसंगती चित्रपट सोडवत नाही, त्यामुळे घरातल्या चर्चेला तिथूनच सुरुवात करावी. आठ-नऊ वर्षांपुढील मुलांना ती समजू शकते.

जमीन कोणाची, या वादात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना (‘रेड इंडियन’ म्हटल्या गेलेल्या लोकांना) मात्र स्थान नाही. त्यांचा उल्लेख होतो तो मुख्यतः रायकरच्या तोंडी, जुने शत्रू म्हणून. मुलांना त्यांची बाजू वेगळी सांगावी लागते.