भांड्याखालची उष्णता जन्मते कुठे?

हॉब विकत घ्यायला गेलं की विक्रेता आकड्यांनी सुरुवात करतो: किती बर्नर, किती किलोवॅट, काच किती मिलिमीटर जाड. आकडे महत्त्वाचे आहेतच, पण मला विचाराल तर पहिला प्रश्न वेगळा हवा. या शेगडीत उष्णता नेमकी तयार कुठे होते? ज्वालेत, तारेत, की थेट भांड्याच्या बुडात? एवढं कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. उकळी किती लवकर येईल, बटण बंद केल्याक्षणी दूध खाली बसेल की तरीही उतू जाईल, घरातली जुनी भांडी चालतील का, ओटा पुसायला किती वेळ थांबावं लागेल, हे सगळं त्या जन्मस्थानावरून ठरतं.

गॅसपासून सुरुवात करू. बर्नरच्या खाली एक छोटं पितळी नोझल असतं, त्याचं छिद्र सुईच्या टोकाएवढं. त्यातून वायू इतक्या वेगाने सुटतो की जाताना आजूबाजूची हवा सोबत ओढून घेतो आणि बर्नरच्या नळीत दोन्ही मिसळून मग जळतात. जळण्याआधीच हवा मिसळायची ही युक्ती १८५५च्या सुमारास जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन आणि त्यांचे उपकरण-कारागीर पेटर डेझागा यांनी प्रयोगशाळेच्या बर्नरसाठी पक्की केली. आपली शेगडी त्याच बर्नरची नात म्हणायला हरकत नाही. हवा पुरेशी मिसळली की ज्योत निळी दिसते. तो निळा रंग जळताना क्षणभर तयार होणाऱ्या कार्बन-हायड्रोजनच्या तुकड्यांचा असतो. हवा कमी पडली की कार्बनचे न जळलेले कण तापून पिवळे चमकतात, आणि तेच कण पातेल्याच्या बुडाला काजळी होऊन चिकटतात. ज्योत पिवळी पडली तर दोष बहुतेक वेळा वायूचा नसतो, छिद्रात अडकलेल्या कचऱ्याचा असतो.

निळ्या ज्योतीचं तापमान १९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. भांड्यातल्या पाण्याला हवे असतात जेमतेम १००. मग वेळ का लागतो? कारण ज्योत म्हणजे तापलेली हवा, आणि ती हवा बुडाला घासून बाजूने वर निघून जाते. पातेल्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर, जपून, हात धरून बघा. तिथे जी धग लागते ती आपण पैसे मोजून विकत घेतलेली आणि वाया गेलेली उष्णता. मोठ्या बर्नरवर लहान भांडं ठेवलं तर इंधनातली एक तृतीयांशच उष्णता पाण्यापर्यंत पोहोचते. रुंद भांडं, मध्यम ज्योत आणि चांगला बर्नर असेल तर हा वाटा निम्म्याच्या पुढे जातो. शेगडी तीच, फरक ज्योत भांड्याबाहेर डोकावते की नाही एवढाच.

तरीही गॅसचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. बर्नरचं वस्तुमान कमी, त्यामुळे कॉक बंद केला की उष्णता तिथल्या तिथे थांबते. आच डोळ्यांना दिसते. भांड्याचा आकार, धातू, बूड यांचं त्याला काही देणंघेणं नाही. वीज गेली तरी काडी ओढली की काम चालू. दुसरी बाजू हवेची. ज्योतीच्या तापमानाला हवेतला नायट्रोजनही ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि फुफ्फुसांना त्रासदायक असा नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. ज्योत कितीही निळी, स्वच्छ दिसली तरी हे टळत नाही. म्हणून गॅस निवडायचा तर धूर बाहेर टाकणारी चिमणी किंवा निदान उघडी खिडकी हा त्या निवडीचाच भाग समजावा. हवा फक्त गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी तेल-वास अडवते, पण हा वायू बाहेर नेत नाही.

गॅस हॉबमध्ये एक गोष्ट मात्र मी आवर्जून बघेन. बर्नरच्या कडेला करंगळीच्या टोकाएवढी एक धातूची सळई उभी असते. दोन वेगळ्या धातूंचा तो सांधा ज्योतीत तापला की काही मिलिव्होल्ट वीज तयार करतो आणि तेवढ्याशा विजेवर एक चिमुकला विद्युतचुंबक झडप उघडी धरून ठेवतो. दूध उतू जाऊन ज्योत विझली की सळई थंड होते, चुंबक सोडून देतो, वायू बंद. बॅटरी नाही, चिप नाही. पेटवताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं त्याची अनेकजण तक्रार करतात. तो वेळ ही सळई तापण्याचा असतो. आणि सिलिंडरचा वायू सोडून नळाच्या वायूवर जायचं असेल तर नोझल बदलावीच लागतात, कारण तेवढ्याच घनफळात सिलिंडरमधल्या प्रोपेनमध्ये नळातल्या मिथेनच्या सुमारे अडीचपट ऊर्जा असते. हे काम घरी करून बघण्यासारखं नाही.

विजेच्या साध्या कॉइलबद्दल थोडक्यात. अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं आणि लाल होऊनही न जळणारी तार हाती आली. शेगडीच्या कॉइलमध्ये ही तार मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत घट्ट बसवलेली असते. भुकटी वीज अडवते, उष्णता जाऊ देते. उष्णता तारेत जन्मते, भुकटीतून नळीत येते, नळीतून भांड्यात. तापायला वेळ, निवायला त्याहून जास्त. स्वस्त आणि दणकट, पण तिला घाई ठाऊक नाही.

याच तारेवर काच घातली की झाला सिरॅमिक हॉब. खालून लालबुंद आणि कडेने थंड ओट्याला लागून असलेली काच तडकत कशी नाही, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५३ साली कॉर्निंग या अमेरिकन काच-कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधक डोनाल्ड स्टुकी काचेचा एक नमुना ६०० अंशांवर तापवत होते. भट्टीचा नियंत्रक बिघडला आणि तापमान ९००पर्यंत चढलं. काच वितळून भट्टी खराब झाली असणार अशा समजुतीने त्यांनी दार उघडलं, तर आत पांढरा, अपारदर्शक तुकडा जसाच्या तसा उभा. चिमट्यातून तो निसटून जमिनीवर पडला आणि फुटण्याऐवजी खणकन वाजला. काचेत बारीक स्फटिक वाढून नवाच पदार्थ तयार झाला होता. हॉबवरची काच याच घराण्यातली, लिथियम आणि ॲल्युमिनियम असलेली. तिच्यातले स्फटिक तापल्यावर किंचित आकसतात, उरलेली काच किंचित फुगते, आणि बेरीज जवळजवळ शून्य. जे फुगत नाही ते तापमानातल्या फरकाने तडकत नाही. वरून जड तवा पडला तर मात्र तडकतं, हा वेगळा विषय. या काचेचा दुसरा गुण असा की ती अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, वर जाऊ देते, पण उष्णता आडवी पसरू देत नाही. म्हणून लाल वर्तुळाच्या बाहेर थोड्याच अंतरावर काच बोट टेकवण्याइतकी कमी तापलेली असते. साखरेचा पाक मात्र गरम काचेवर सांडला तर लगेच खरवडून काढावा. निवताना तो काचेला इतका घट्ट धरतो की पुढे सोलून काढताना काचेचा टवका घेऊन येतो.

आता इंडक्शन. इथे गोष्ट उलटी होते: शेगडी तापतच नाही, भांडं स्वतः तापतं. काचेखाली तांब्याच्या बारीक तारा पिळून केलेलं सपाट वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला २० हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या धातूत वीज निर्माण करतं हे मायकेल फॅरेडेंनी १८३१मध्ये दाखवलं होतं. इथे तो जवळचा धातू म्हणजे पातेल्याचं बूड. बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि धातूच्या रोधामुळे तिथेच उष्णता होते. १९५०च्या दशकात जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने भांडं आणि शेगडी यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखवलं होतं. कागद जळला नाही, कारण कागदाखाली तापलेलं काही नव्हतंच.

'भांड्याला लोहचुंबक चिकटलं तरच इंडक्शनवर चालतं' हे सर्वांना पाठ असतं, कारण मात्र सहसा चुकीचं सांगितलं जातं. ॲल्युमिनियममध्ये भोवरे-प्रवाह तयार होत नाहीत असं नाही, उत्तम होतात. पण इतक्या जलद बदलणारा प्रवाह धातूच्या वरच्या पापुद्र्यातूनच वाहतो. लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्यात हा पापुद्रा मिलिमीटरच्या काही शतांश एवढाच राहतो. अरुंद वाट, जास्त रोध, भरपूर उष्णता. ॲल्युमिनियममध्ये तोच पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पसरतो, शिवाय धातू मुळातच उत्तम वाहक. प्रवाह विनासायास फिरतो, भांडं कोमट राहतं आणि ताण येतो तो खालच्या वेटोळ्यावर. म्हणून शेगडी ते भांडं ओळखून कामच नाकारते.

माझ्याकडचं एक चकचकीत स्टीलचं पातेलं असंच नाकारलं गेलं, तेव्हा मी शेगडीलाच दोष दिला होता. फ्रिजवरचं चुंबक काढून बुडाला लावलं, ते सरळ खाली पडलं. स्टील म्हणजे लोखंडच ना? पण निकेल मिसळलेलं नेहमीचं स्टेनलेस स्टील चुंबकीय नसतं. चांगल्या भांड्यांच्या बुडाला वेगळ्या, चुंबकीय स्टीलची चकती जोडलेली असते. चुंबक बुडावर सगळीकडे फिरवून बघावं. मधोमध चिकटलं आणि कडेला सुटलं, तर चकती भांड्यापेक्षा लहान आहे. पाणी तापवताना बुडबुडे तेवढ्याच वर्तुळात उठताना दिसतील आणि कडेचा भाग मागे राहील. गोल बुडाची कढई सपाट काचेवर नीट चालत नाही तेही याचमुळे: क्षेत्राचा जोर काही मिलिमीटरांतच ओसरतो.

बाहेरून हुबेहूब इंडक्शनसारखी दिसणारी पण 'कोणतंही भांडं चालेल' असं लिहिलेली काचेची शेगडी दिसली, तर ती इंडक्शन नव्हे. आत लाल होणारी तार आहे, म्हणजे वरचा सिरॅमिक प्रकार.

आता थोडा हिशेब. २५ अंशांचं १ लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. इंडक्शनवर ८५ टक्के ऊर्जा भांड्यात जाते असं धरलं, तर २००० वॅटवर तीन मिनिटांत काम होतं आणि साधारण ०.१ युनिट वीज लागते. तेवढ्याच ताकदीच्या गॅस बर्नरला, निम्मी उष्णता वाया जाते असं धरून, पाच मिनिटांहून जास्त आणि १४ ग्रॅमच्या आसपास एलपीजी. इंडक्शन जिंकलं? स्वयंपाकघरात, निर्विवाद. पण ती वीज कोळशावर तयार झाली असेल, तर वीजकेंद्रातच इंधनातली जेमतेम ३५ टक्के ऊर्जा वीज होते, आणि एकूण इंधनाच्या हिशेबात गॅस पुढे जातो. वीज पाण्यावर, वाऱ्यावर किंवा उन्हावर तयार होत असेल तर पारडं पुन्हा फिरतं. 'कोणती शेगडी पर्यावरणाला बरी' याचं उत्तर शेगडीत नसतं, तारेच्या दुसऱ्या टोकाला असतं.

इंडक्शन घेण्याआधी घरातलं वायरिंग तपासून घ्या. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. चार खणांचा हॉब पूर्ण ताकदीने चालला तर ३० अँपिअरपर्यंत मागू शकतो आणि त्याला स्वतंत्र लाइन हवी. रिकामं पातळ नॉनस्टिक भांडं त्यावर ठेवून वळू नये, तापमान बघणारा संवेदक काचेखाली असतो आणि त्याला खबर उशिरा लागते. २६० अंशांच्या पुढे नॉनस्टिकचा थर बिघडू लागतो. घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारावं आणि चालू शेगडीपासून निदान ६० सेंटिमीटर दूर राहावं.

आणि कुठलाही हॉब घ्या, त्याची सर्वात मंद आच बघितल्याशिवाय घेऊ नका. सगळी जाहिरात सर्वात मोठ्या आकड्याची असते. तो आकडा रोज पाच-दहा मिनिटं वापरात येतो. एकदा उकळी फुटली की आच वाढवून पाणी १००च्या फारसं वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते, आणि १ लिटर पाण्याची वाफ करायला ते उकळीला आणण्याच्या सातपट ऊर्जा जाते. तीन-चार लिटरचं झाकलेलं पातेलं हलकं उकळत ठेवायला शे-दोनशे वॅट पुरतात. छोट्या गॅस बर्नरची ज्योत तेवढी खाली येऊनही स्थिर राहते का? स्वस्त इंडक्शन शेगड्यांना तेवढी कमी ताकद देताच येत नाही. त्या हजार वॅट एक-दोन सेकंद देतात, मग आठ-दहा सेकंद गप्प बसतात. पातळ बुडाच्या भांड्यात दूध असेल तर ते दर झटक्याला वर चढतं आणि बसतं, आणि तळाशी लागतं.

प्रात्यक्षिक मागायची सोय असेल तर पातळ बुडाच्या भांड्यात कपभर पाणी गरम करून घ्या, आच अगदी शेवटच्या खुणेवर आणा आणि मिनिटभर नुसतं बघत राहा. बुडबुडे संथ, एकसारखे येत राहतात, की उसळतात, थांबतात आणि पुन्हा उसळतात?