फ्रेंच एक्स सिनेमा

फ्रान्समध्ये साधारण १९७५ ते १९८५ या काळात थिएटरसाठी ३५ मिमी फिल्मवर शूट झालेले जे अडल्ट पिक्चर, त्यांना तिकडे नुसतं ‘एक्स’ म्हणतात. हे सगळं म्हणजे निव्वळ अंगप्रदर्शन असा समज आहे आणि बहुतेक पिक्चरच्या बाबतीत तो खराही आहे, पण ऐंशीच्या आसपासचे काही असे आहेत की दिग्दर्शकाला मुळात वेगळाच पिक्चर काढायचा होता हे लगेच कळतं.

१९७४ मध्ये जिस्कार देस्तें राष्ट्राध्यक्ष झाले आणि सेन्सॉर ढिला पडला. त्याच वर्षी ‘इमॅन्युएल’ हा कामुक पिक्चर आला, आणि पॅरिसमध्ये शाँझेलिझे या मोठ्या रस्त्यावरच्या थिएटरात तो वर्षानुवर्षं उतरलाच नाही. मग लाटच आली, सरकार बिथरलं, आणि ३० डिसेंबर १९७५ च्या कायद्याने एक्स हा वेगळा वर्ग झाला. बंदी नाही घातली, टॅक्सने गळा आवळला: व्हॅट ३३ टक्के, वर नफ्यावर २० टक्के जादा वसुली, सरकारी अनुदान बंद, दाखवायचं तर वेगळ्याच थिएटरात. बाहेर फोटो लावायची परवानगी नाही, फक्त पिक्चरचं नाव. त्यामुळे सगळा भार नावावर, आणि नावं किती चावट ठेवायची याला मर्यादाच राहिली नाही, आतली कथा गंभीर असली तरी.

ही नाटकाची, कथेची हौस कुठून आली तर माणसं नेहमीच्या सिनेमातलीच होती. क्लोद बर्नार-ओबेर यांनी १९५७ मध्ये इंडोचायनाच्या युद्धावर पिक्चर केला होता, १९७३ मध्ये जाँ गाबँ या बड्या नटाला घेऊन ‘लाफेर दोमिनिसी’ हा खून खटल्यावरचा, आणि तेच पुढे बुर्द त्रान्बारे या नावाने एक्स काढायला लागले! क्लोद म्युलो हॉररमधून आले, इथे त्यांचं नाव फ्रेदरिक लान्साक. ऐंशीच्या सुमाराच्या त्यांच्या ‘ला फाम ऑब्जे’मध्ये एक विज्ञानकथा लेखक आहे, त्याच्यापुढे कुठलीच बाई टिकत नाही म्हणून तो यंत्राची बाई बनवतो. विनोदी वाटतं, पण पुरुषाच्या हावेची टिंगल त्यात नीट जमलीये. जेरार किकोईन साउंड आणि एडिटिंगमधून आलेले, त्यामुळे त्यांच्या कामात लय असते.

नटांमध्ये ब्रिजित लाए. व्हॅम्पायरचे पिक्चर काढणारे जाँ रोलँ पोटापाण्यासाठी टोपणनावाने एक्स करायचे, तिथे त्यांना ही सापडली, आणि १९७९ च्या ‘फासिनासिओं’मध्ये त्यांनी तिला काळा झगा घालून हातात लांब दांड्याचा मोठा विळा देऊन उभं केलं. हा पिक्चर एक्स नाही, पण एक्सवाली नटी खरंच भूमिका पेलू शकते हे तिथे दिसतं, बाकीच्यांना ती संधीच कुणी दिली नाही असं माझं मत.

१९८१ मध्ये मित्तेराँ आले, समाजवादी सरकार आलं, तरी टॅक्स तसाच राहिला. खरा दणका व्हिडिओ कॅसेटने दिला. थिएटरं बंद पडत गेली, १९८४ मध्ये कॅनाल प्लस हे पैसे भरून बघायचं चॅनल सुरू झालं आणि तिथेही हे पिक्चर लागायला लागले. घरात रिमोट हातात असलेला माणूस कथेचा भाग पुढे ढकलणार हे उघड होतं, मग निर्माते तरी कथेवर फिल्म कशाला खर्च करतील, व्हिडिओवर झटपट उरकायला लागले. लाएनी १९८० मध्येच हे काम सोडलं होतं, पुढे ती रेडिओवर गाजली. किकोईननी १९८९ मध्ये अँथनी पर्किन्सला घेऊन जेकिल-हाइडवरचा ‘एज ऑफ सॅनिटी’ काढला.