लांब अँकर म्हणजे डेमुंगचा अँकर नव्हे

जर्मनीत घर घेतलेल्या मराठी मंडळींमध्ये हिवाळा जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो: दारावर फोरडाख (दारावरचं छोटं छप्पर) बसवायचंय, भिंतीला बाहेरून १६ सेंटिमीटर डेमुंग (उष्णता अडवणारा थर्माकोलचा थर) आहे, कसं करू? त्यावर कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "लांब अँकर घ्या, थर्माकोलच्या आरपार विटेत घाला, झालं काम." झालं नाही. हे उत्तर वाचून वाचून मला आता कंटाळा आलाय.

साध्या भिंतीतली गट्टी सगळ्यांनाच ठाऊक आहे, तिच्यावर शब्द खर्च करत नाही. डेमुंगमध्येच पिळून बसवायचा प्लास्टिकचा जाड मळसूत्री ड्यूबेलही (गट्टीचाच प्रकार) चटकन बाजूला ठेवू. घराचा नंबर, थर्मामीटर, दिव्यांची माळ यांना तो उत्तम. फोरडाखाला त्याचा काही उपयोग नाही, हे कोणाला पटवावं लागत नाही.

लोक फसतात ते पुढच्या दोघांत. एक, आरपार जाणारी साधी लांब थ्रेडेड सळई. दुसरा, अंतर राखून बसवायचा अँकर, फिशरचा टेरमाक्स वगैरे. दोन्ही विटेपर्यंत पोचतात, दोन्ही केमिकल मॉर्टरने (भोकात भरला की कडक होणारा मसाला) घट्ट होतात, आणि काम संपल्यावर बाहेरून दोन्हींचा नटच दिसतो. मग दुसऱ्याला जास्त पैसे का मोजायचे?

कारण लोक फक्त ओढीचा हिशेब करतात. अँकर उपटून येईल का, एवढंच विचारतात. दाब कोण घेणार, हे विचारत नाहीत.

नेहमीचं काचेचं फोरडाख घ्या: दीड मीटर रुंद, ९० सेंटिमीटर बाहेर आलेलं, वरून दोन तिरक्या दांड्यांनी ओढून धरलेलं. काच एकूण १६ मिलिमीटर जाड असेल, तर दर चौरस मीटरला ४० किलो, म्हणजे नुसती काचच ५४ किलो. जर्मनीचे बर्फाच्या भारानुसार झोन पाडलेत, त्यात बर्लिन झोन २ मध्ये येतं. तिथे जमिनीवरचा बर्फाचा भार दर चौरस मीटरला साधारण ८५ किलो धरतात. सपाट छपरासाठी त्याचा ०.८ पट घेतला, तरी आपल्या काचेवर नव्वदेक किलो. बेरीज दीडशेच्या घरात, आणि वरच्या छतावरून घसरून येणारा बर्फ यात धरलेलाच नाही.

हा भार भिंतीपासून सरासरी ४५ सेंटिमीटरवर आहे. दांड्यांची वरची टोकं काचेच्या कडेपेक्षा ६० सेंटिमीटर उंचावर असतील, तर वरच्या अँकरांवर मिळून ११० किलोच्या आसपास ओढ येते. आणि तेवढ्याच जोराने खालचे ब्रॅकेट भिंतीत ढकलले जातात. साध्या विटेच्या भिंतीत ही ढकल वीट घेते, म्हणून तिचा कधी विचारच करावा लागला नाही. इथे ब्रॅकेटच्या मागे काय आहे? काही मिलिमीटर पुट्झ, म्हणजे गिलावा, आणि त्यामागे थर्माकोल. लांब सळई हा दाब घेत नाही, कारण ब्रॅकेट तिच्यावरून आत सरकायला मोकळा असतो. पुट्झला आधी केसासारखी चीर जाते, मग ब्रॅकेटच्या कडेने खळगा पडतो, आणि फोरडाख पुढच्या बाजूने झुकतं.

नट आवळतानाही हेच. साध्या सळईवर तुम्ही आवळत जाता आणि थर्माकोल दबत जातो. घट्ट झाल्यासारखं वाटतं तेव्हा पुट्झ फुटलेलं असतं. अंतर राखणाऱ्या अँकरमध्ये ब्रॅकेट टेकतो तो सळईच्याच टोकावर पक्क्या बसलेल्या कडक शंकूवर. आवळलं की जोर त्या शंकूवर येतो, तिथून सळईत आणि सळईतून विटेत जातो. डेमुंगला त्यातलं काही कळतही नाही. उभं वजन १६ सेंटिमीटर पुढे येऊन सळईला वाकवू बघतं, तेही सोसावं लागतं. म्हणून सळई जाड लागते, आणि किती जाड ते कॅटलॉगच्या तक्त्यात डेमुंगच्या जाडीनुसार बघायचं असतं, अंदाजाने नाही.

"पण त्याचा खरा फायदा थर्मल ब्रेकचा, म्हणजे सळईतून उष्णता बाहेर जाऊ न देण्याचा ना?" असं जाहिराती वाचून विचारणारे भेटतात. आहे फायदा, शंकू काचतंतूंच्या प्लास्टिकचा असतो आणि स्टील थर्माकोलच्या शेकडो पटींनी उष्णता वाहतं. पण चार सळयांनी तुमचं हीटिंगचं बिल बुडत नाही. माझ्या लेखी तो बोनस आहे. अँकर घ्यायचा तो दाबासाठी.

बाकी किरकोळ. भिंत पोकळ विटांची असेल तर ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नाहीतर आतले पडदे फुटतात. आणि जाळीची नळी घातल्याशिवाय मॉर्टर भरू नका, सगळं पोकळीत जाईल. भोक ब्रश मारून, फुंकून साफ करा. पुट्झ आणि अँकर यांच्यामधली फट नीट सील करा, कारण एकदा पाणी डेमुंगमध्ये शिरलं की ते कुठे बाहेर येईल सांगता येत नाही. डेमुंगवर कंपनीची वॉरंटी चालू असेल, तर भोक पाडण्याआधी त्यांना लेखी विचारा. एवढी कटकट नको असेल तर दोन खांबांवर उभं राहणारं फोरडाख घ्या. दिसायला मला तेच आवडतं, आणि भिंतीवरचा भार बराच कमी होतो.

घराला डेमुंग अजून लागायचीच असेल, तर हा सगळा खटाटोप टळतो. लावणाऱ्यांना सांगून फोरडाखाच्या जागी भार घेणारे कडक ठोकळे आधीच बसवून घ्या. मात्र पुट्झ चढायच्या आधी त्यांच्याशेजारी टेप धरून फोटो काढा, दाराच्या चौकटीपासूनचं अंतर दिसेल असा. पुट्झ झाल्यावर ते ठोकळे कोणालाच सापडत नाहीत, बसवणाऱ्यालाही नाही.