साडेसतरा मिलिमीटरचं अक्षर

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम उद्योगाच्या संघटनेने २०२४ साली दिलेल्या माहितीनुसार तिथले ४६ टक्के खेळाडू स्त्रिया आहेत आणि खेळाडूंचं सरासरी वय ३६ वर्षं आहे. यात मोबाइलवर शब्दकोडी सोडवणारे आणि रंगीत गोळ्या जुळवणारेही धरलेले आहेत. ‘ते काही खरे गेमर नव्हेत’ असं म्हणून हा आकडा झटकून टाकायची पद्धत आहे. पण मोठ्या पडद्यावरचे गेम अनेकांना नकोसे का होतात, याची काही कारणं सरळ मोजपट्टी लावून दिसतात. कथा आणि पात्रं यांवर पुष्कळ वाद झालेत. मोजमापांकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

पडद्यावरचं अक्षर घेऊ. गेम बनवणारा २४ इंची मॉनिटरसमोर, साधारण ६० सेंटीमीटरवर बसतो. १०८० ओळींच्या त्या पडद्यावर १६ पिक्सेल उंचीचं अक्षर सुमारे ४.४ मिलिमीटर भरतं. डोळ्यापाशी त्याचा कोन होतो २५ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला). मजेत वाचता येतं. आता तोच गेम ५५ इंची टीव्हीवर, तीन मीटरवरून पाहा. अक्षर मोठं होतं, १० मिलिमीटर भरतं, पण अंतर पाचपट झालेलं असतं आणि कोन उरतो साडेअकरा कला. निरोगी डोळ्याला ओळखू येणारं सर्वांत लहान अक्षर ५ कलांचं असतं, म्हणजे ते वाचता येतं, पण कपाळाला आठ्या घालून. आरामात वाचायला निदान २० कला हव्यात, आणि तीन मीटरवर त्याचा हिशेब येतो साडेसतरा मिलिमीटर, म्हणजेच १०८० ओळींच्या पडद्यावर २८ पिक्सेल. टेबलावर तपासलेला आकडा सोफ्यावर निम्म्याहून कमी होतो, एवढीच ही चूक आहे. तरुण डोळा ती पचवतो.

साठीच्या डोळ्याला ती पचत नाही. बाहुली लहान आणि भिंग पिवळसर झाल्यामुळे विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पोचतो. निळ्या-हिरव्या छटांतला फरकही पुसट होतो. त्यामुळे बर्फाळ दृश्यावर राखाडी अक्षरांत उमटणारे संवाद दिसेनासे होतात. वेबसाइटसाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं असा निकष आहे. गेममध्ये मागचं दृश्य सतत बदलत असल्याने हे गुणोत्तर एकदा जमवून भागत नाही. अक्षरांमागे काळी, अर्धपारदर्शक पट्टी टाकणं हाच भरवशाचा उपाय. कानांचंही तसंच. उतारवयात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं नेमकी तिथेच असतात. सगळाच आवाज वाढवला तर स्फोट मोठे होतात, शब्द काही स्पष्ट होत नाहीत. संवाद, संगीत आणि इतर आवाज यांचे तीन वेगळे स्लायडर हवेत, आणि संवाद वाढवण्यापेक्षा संगीत उतरवावं.

स्त्रियांच्या बाबतीत मोजपट्टी हातावर आणि चेहऱ्यावर ठेवावी लागते. स्त्रीचा हात पुरुषापेक्षा सरासरी दीड-दोन सेंटीमीटर लहान असतो. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स या गेमयंत्राबरोबर आलेला, ‘ड्यूक’ नावाने ओळखला जाणारा कंट्रोलर (दोन्ही हातांत धरून खेळायचं बटणांचं यंत्र) फारच धिप्पाड होता. जपानसाठी म्हणून लहान आवृत्ती काढली, आणि थोड्याच काळात तीच इतरत्रही देऊ लागले. लहान कंट्रोलर मोठ्या हातात चालतो. उलटं जमत नाही. अंगठा पोचावा म्हणून पकड सरकवली की तर्जनी मागच्या ट्रिगरवरून निसटते.

व्हीआर हेडसेटमध्ये (डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणाऱ्या यंत्रात) हीच चूक पोटात ढवळण्यापर्यंत जाते. दोन बाहुल्यांमधलं अंतर पुरुषांत सरासरी ६४ मिलिमीटर, स्त्रियांत सुमारे ६२. २०१९ च्या ऑक्युलस रिफ्ट एस या हेडसेटमध्ये भिंगं ६३.५ मिलिमीटरवर पक्की बसवलेली होती, म्हणजे सरासरी पुरुषाला जवळपास बेतून शिवल्यासारखी. अंतर जुळलं नाही की डोळा भिंगाच्या मध्यातून न पाहता कडेकडून पाहतो. प्रतिमा धूसर होते आणि दोन्ही डोळ्यांना चुकीच्या कोनात वळावं लागतं. व्हीआरमध्ये स्त्रियांना जास्त मळमळतं याचं खापर बराच काळ हार्मोन्सवर फोडलं जायचं. २०२० च्या एका प्रयोगात भिंगं नीट जुळलेल्या स्त्रियांना पुरुषांइतकाच त्रास झाला. ज्यांना ती जुळवताच आली नाहीत, त्यांना सर्वाधिक.

हे अंतर घरी मोजता येतं. आरशापासून वीस सेंटीमीटरवर उभं राहून भुवयांवर मिलिमीटरची पट्टी धरा. उजवा डोळा मिटून डाव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य जुळवा. मान न हलवता डावा मिटा, उजवा उघडा, आणि उजव्या बाहुलीखालचा आकडा वाचा. तीनदा मोजून मधला घ्या. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये भिंगांच्या अंतरासाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा आहेत. ६१ किंवा त्याहून कमी आलं तर पहिली.

राहिला वेळ. स्टारक्राफ्ट २ हा वेगवान डावपेचांचा गेम खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासून २०१४ साली संशोधकांनी दाखवलं की पाहणं आणि कृती करणं यांतला वेळ चोविशीपासूनच वाढू लागतो. वयाने मोठे खेळाडू सोप्या आज्ञा वापरून तो भरून काढतात, असंही त्यातच दिसलं. पण ‘आत्ता दाबा!’ म्हणून अर्ध्या सेकंदाची खिडकी दिली की भरून काढायला जागाच उरत नाही. त्यातले ५० ते १०० मिलिसेकंद टीव्हीच गिळू शकतो, कारण चित्र सजवायला त्याला वेळ लागतो. म्हणून टीव्हीचा ‘गेम मोड’ आधी चालू करा. बोटांना दोष नंतर. पटापट बटण बडवण्याऐवजी ते दाबून धरण्याचा पर्याय असेल तर तो निवडा, सांधे आखडलेल्या हातांना त्याचा सर्वाधिक फायदा. कॅमेऱ्याची थरथर आणि मोशन ब्लर (हालचालीत चित्र मुद्दाम धूसर करणं) बंद करा. चक्कर येत असेल तर दृष्टिक्षेत्राचा कोन (पडद्यावर एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं तो) ९० अंशांच्या आसपास नेऊन पाहा.

हे काही अशक्य नाही. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या गेममध्ये खेळाचा वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये असे साठहून अधिक पर्याय आहेत, आणि ते पहिल्याच सुरुवातीला समोर येतात. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण नाही. कित्येक गेममध्ये अक्षरं मोठी करायची सोय असते, फक्त ती चौथ्या मेनूत, त्याच बारीक अक्षरांत लिहिलेली असते. चाचणीला बोलावलेले खेळाडू आधीपासून सराईत असल्यामुळे तिथवर कुणी जातच नाही, आणि अहवालात लिहिलं जातं : हा पर्याय फारसा वापरला जात नाही.