बूम बॅप ड्रम

बूम बॅप ड्रम ही न्यूयॉर्कच्या हिपहॉपमध्ये साधारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून रुळलेली ड्रम बनवायची पद्धत आहे. जुन्या फंक-सोल रेकॉर्डमधला किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (कडक फटक्याचा ड्रम), हायहॅट (झांजांची जोडी) सुटा सुटा कापायचा, सॅम्पलरच्या, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या मशीनच्या, पॅडवर चढवायचा आणि बोटांनी स्वतःचा ठेका वाजवायचा. बूम म्हणजे किक आणि बॅप म्हणजे स्नेअर, आपल्याकडे तबल्याचे बोल तोंडाने म्हणतात त्यातलाच हा प्रकार. हे शब्द रॅपर टी ला रॉकच्या १९८४ च्या 'इट्स युअर्स' मध्ये आधी ऐकू येतात असं मानतात, पण शैलीचं नाव म्हणून ते पक्कं झालं ते रॅपर केआरएस-वनच्या १९९३ च्या अल्बममुळे.

मूळ शोधत मागे गेलं की ब्रेकपाशी पोचतो, म्हणजे गाण्यातली बाकी वाद्यं थांबून नुसता ड्रम उरतो ती जागा. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉंक्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यूवर डीजे कूल हर्कने पार्टी केली आणि हिपहॉपचा जन्म म्हणून तीच तारीख धरली जाते, तरी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन ब्रेक लांबवायची युक्ती एका रात्रीत जमली नसणार, ती हळूहळू बसत गेली असं मानणं जास्त बरोबर वाटतं. नंतर रेकॉर्डिंगमध्ये ड्रम मशीन आली, टीआर-८०८, लिनड्रम, ओबरहाइम डीएमएक्स. आवाज नेटका होता, पण जुन्या रेकॉर्डवरच्या ड्रमला जी खोली ऐकू येते, म्हणजे स्टुडिओची हवा, टेपचा दाब, ती त्यात नव्हती.

ही दरी कोणी बुजवली यावर बहुतेक जण न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या निर्माता मार्ली मार्लचं नाव घेतात. रेकॉर्डमधून दुसरंच काही सॅम्पल करताना चुकून एक स्नेअर आत आला, तो स्वतःच्या ठेक्यात वाजवून पाहिला आणि डोक्यात प्रकाश पडला, अशी त्याची कथा आहे. साल बहुधा १९८४ च्या आसपासचं, काही जण थोडं पुढे ढकलतात. मशीन कुठलं यावर मात्र मेळ नाही, एका हकिगतीत इम्युलेटर सॅम्पलर येतो, तर दुसरीत कॉर्गचे सॅम्पलिंग डिले (आवाज पकडून नंतर वाजवणारी यंत्रं) येतात जे ८०८ च्या सिग्नलने वाजवले जायचे. दोन्ही एकाच वेळच्या गोष्टी असतील असं नाही, पहिली शोधाची आणि दुसरी रोजच्या कामाची धरली तर दोन्ही नीट जुळतात. त्याने वापरलेला हनी ड्रिपर्सचा 'इम्पीच द प्रेसिडेंट' (१९७३) हा ब्रेक का चालला ते ऐकल्यावर लगेच कळतं, सुरुवातीलाच किक आणि स्नेअर उघडे पडलेत, वर बास नाही की गिटार नाही, त्यामुळे कापताना शेजारचं काही चिकटून येत नाही.

मग आला इ-म्यू कंपनीचा सॅम्पलर एसपी-१२००, साल १९८७. १२ बिट, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो तो आकडा) २६.०४ किलोहर्ट्झ, एकूण वेळ जेमतेम १० सेकंद आणि एका आवाजाला जास्तीत जास्त अडीच सेकंद. म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये सूर सुमारे ५ सेमिटोन खाली उतरवायचे, म्हणजे १० सेकंदात साडेतेरा सेकंदांचा माल मावायचा. आवाजाला जो खरखरीतपणा येतो तो मुख्यतः या उतरवण्यामुळे. मशीन सूर बदलताना मधले नमुने मोजून भरत नाही, आहेत तेच पुन्हा वाजवतं, त्यामुळे मूळ आवाजात नसलेली वरची किणकिण तयार होते, आणि ७ व ८ नंबरच्या आउटपुटवर फिल्टर नसल्याने हायहॅट तिथून काढला की ती सगळी बाहेर येते, किक मात्र १ किंवा २ वरून काढतात कारण तिथला फिल्टर त्याला गोल करतो. आजकाल नुसता बिट कमी करणारा प्लगइन लावून 'एसपीचा आवाज' म्हणतात ते पटण्यासारखं नाही. १२ बिटची रेंज (सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर) ७२ डेसिबलच्या आसपास, रेकॉर्डची स्वतःची खरखर बहुतेक वेळा त्याहून मोठी असते, तेव्हा खरा फरक सॅम्पल रेट आणि सूर उतरवण्यातच शोधायला हवा.

अकाई कंपनीचा सॅम्पलर एमपीसी६० १९८८ चा, रॉजर लिनने रचलेला, १६ पॅडचा. त्याच्या झोक्याबद्दल खूप गूढ बोललं जातं, पण लिनने स्वतः सांगितलेलं सूत्र साधं आहे, प्रत्येक जोडीतला दुसरा सोळावा (मात्रेचा चौथा भाग) ठोका थोडा उशिरा पाडायचा. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत, एक सोळावा १६७ मिलिसेकंदांचा. स्विंग म्हणजे जोडीच्या वेळेतला किती टक्के वेळ गेल्यावर दुसरा ठोका पडतो तो आकडा, तो ५० ठेवला तर दुसरा ठोका बरोब्बर १६७ वर पडतो, ५४ ला १८० वर, ५८ ला १९३ वर, ६६ ला २२० वर म्हणजे जवळजवळ ट्रिपलेटच्या (तीन समान भागांच्या) चालीत. ५४ आणि ५८ मध्ये फक्त १३ मिलिसेकंद आहेत, पण मान हलायची सुरुवात नेमकी तिथे होते.

डेट्रॉइटचा निर्माता जे डिला याच्याबद्दल (१९७४–२००६) 'तो क्वांटाइझ (ठोके आपोआप लयीच्या खाचेत बसवणारी सोय) बंद ठेवायचा' हे वाक्य सगळीकडे सापडतं. लेखक डॅन चार्नस यांनी २०२२ मध्ये सविस्तर मांडलं की हे अपुरं आहे, डिला ठरवून काही आवाज पुढे-मागे सरकवायचा आणि सरळ चाल व झोक्याची चाल एकावर एक ठेवायचा. ते मत जास्त टिकाऊ वाटतं, कारण तोच 'चुकलेला' स्नेअर प्रत्येक फेरीत त्याच जागी चुकतो, आणि हात ढिला असता तर तो दर वेळी वेगळा पडला असता.

आवाज भरदार करायला दोन किक एकावर एक रचतात आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं. समजा दोन्हींचा तळ ६० हर्ट्झचा आहे, तर एक लाट १६.७ मिलिसेकंदांची झाली, अर्धी ८.३. दुसरा किक ८ मिलिसेकंद मागे राहिला की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो आणि तळ गायब होतो, मग माणूस ईक्यूने (आवाजाचा खालचा-वरचा भाग कमीजास्त करणाऱ्या सोयीने) बास वाढवत बसतो जो तिथे शिल्लकच नाही. स्क्रीनवर झूम करून दोन्हींच्या सुरुवाती जुळवायच्या, एकाचा फेज उलटा करून (लाट खाली-वर उलटवून) ऐकायचं, ज्यात पोट भरलेलं वाटेल तो ठेवायचा, आणि वरच्या टकटकीसाठी घेतलेल्या किकचा १५० हर्ट्झखालचा भाग कापून टाकायचा. स्नेअरचं अंग २०० हर्ट्झच्या आसपास असतं, त्याची शेपटी कुठे कापली यावर पुढच्या किकआधी किती शांतता मिळते ते ठरतं, आणि ती शांतताही ठेक्याचाच भाग आहे. कॉम्प्रेसरचा (मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्राचा) अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, फार जलद ठेवला तर काठीचा पहिला फटका चिरडतो, म्हणून १० मिलिसेकंद किंवा जास्त ठेवून बघावं, किंवा दाबलेली प्रत मूळ ड्रमखाली हळूच मिसळावी. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) फार कमी लागतो, कारण खोली सॅम्पलमध्येच आलेली असते.

मराठी रॅपमध्ये ८०८ च्या लांब बासचं ट्रॅपही ऐकू येतं आणि बूम बॅपही. हलगीचा फटका स्नेअरवर रचला तर वरचा करकरीत भाग आयता मिळतो, फक्त तिचा सूर गाण्याच्या पट्टीला आधी लावून घ्यावा लागतो.