क्यूबच्या पोटातला तुंबा

सारंगखेड्याच्या जत्रेतून आणलेला, थर फिरवून रंग जुळवायचा रुबिक क्यूब भाच्याच्या हातून फरशीवर पडला आणि त्याचे तुकडे घरभर झाले. "मामा, आते काय करानं?" म्हणत त्यानं ते ताटात गोळा केले. मोजले तर वीस. तीन थर, दर थरात नऊ, म्हणजे सत्तावीस ठोकळे हवेत. मग सात गेले कुठे?

सहा तर त्याच्या हातातच होते, सांगाड्याला धरून बसलेले. आणि सातवा, अगदी गाभ्यातला ठोकळा, क्यूबमध्ये नसतोच. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यातून आरे निघतात, तसे तिथल्या सांगाड्यातून सहा दिशांना सहा हात निघतात. दर हाताच्या टोकाला एका बाजूचा मधला तुकडा स्क्रू आणि स्प्रिंगनं बसवलेला असतो. तो जागच्या जागी फिरतो, जागा सोडत नाही. म्हणून नेहमीच्या क्यूबमध्ये पांढऱ्याच्या पाठीमागे पिवळा कायमचा. क्यूब शिकणाऱ्यानं आधी हे मधले रंग ओळखावेत, असं मला मनापासून वाटतं.

ताटातले वीस म्हणजे दोन रंगांच्या बारा कडा आणि तीन रंगांचे आठ कोपरे. कडेचा एक तुकडा उलटा करून पाहिला. आतल्या अंगाला जीभ होती, ती मधल्या तुकड्यांच्या खाली अडकते. कोपऱ्याचा पाय तसाच शेजारच्या कडांखाली जातो. मधले कडांना धरतात, कडा कोपऱ्यांना. गोंद नाही, दोरी नाही, तरी कुठलाही थर फिरवा, काही निसटत नाही. बुडापेस्टचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये सोडवलेलं खरं कोडं हे होतं. रंग जुळवणं त्यानंतरचं.

तुकडे बसवून आम्ही थर जुळवत गेलो. खालचा झाला, मधला झाला, वरच्यात एक कोपरा जागेवर असूनही वळलेला राहिला, रंग भलत्याच बाजूंना. भाचा तासभर झटला. पण थर फिरवून एकटा कोपरा वळवता येतच नाही; एक वळला की दुसरा कुठेतरी वळतोच. सुटे तुकडे वाटेल तसे बसवले तर बारापैकी एकाच वेळी क्यूब सुटण्याजोगा निघतो. आमचा त्यातला नव्हता.

वरचा थर अर्धवट फिरवून मी एक कड उचकटली, कोपरा काढला, वळवून परत दाबला. टक्‌ असा आवाज आला.