बेअरिंगचा बोअर : माप आणि टॉलरन्स

बेअरिंग तयार मापाचे मिळते, त्यामुळे फिट घट्ट की सैल हे शाफ्ट आणि हाऊसिंग (ज्याच्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, बेअरिंग बसते तो भाग) कोणत्या मापाला कापले त्यावर ठरते. ६२०५ या बॉल बेअरिंगचा आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिमी असते. साध्या अचूकतेच्या बेअरिंगला सूट (टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक) फक्त उण्या बाजूला असते : आतल्या व्यासाला १० मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग), बाहेरच्याला १३.

सगळ्यात आधी पाहायचे ते हे, की भाराच्या दिशेच्या तुलनेत कोणती रिंग फिरते. ती घट्ट हवी. मोटारीत शाफ्ट फिरतो आणि पट्ट्याची ओढ एकाच दिशेला राहते. अशा वेळी आतली रिंग सैल राहिली, तर तिचा परीघ शाफ्टपेक्षा किंचित मोठा असल्याने ती दर फेऱ्याला थोडी मागे पडते. शाफ्ट झिजतो, तांबूस पूड पडू लागते. म्हणून शाफ्टला के५ (२५.००२ ते २५.०११ मिमी) आणि हाऊसिंगला एच७ (५२.००० ते ५२.०३० मिमी) देतात; अक्षर आणि आकडा मिळून ही टॉलरन्सची ठरलेली नावे आहेत. स्थिर अक्षावर फिरणाऱ्या आयडलर पुलीत (पट्ट्याला नुसता आधार देणाऱ्या पुलीत) हे उलटते, बाहेरची रिंग घट्ट लागते : अक्ष जी६, पुलीचा बोअर एन७ (५१.९६१ ते ५१.९९१), भार जास्त असेल तर पी७.

ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये एक पायरी घट्ट फिट घ्यावे. तापमान ५० अंशांनी वाढले, की ५२ मिमीचा बोअर बेअरिंगपेक्षा सुमारे २८ मायक्रॉन जास्त फुलतो. घट्ट फिटमुळे बेअरिंगमधली मोकळीकही (बॉल आणि रिंगांमधली जागा) कमी होते. ६२०५ मध्ये ती मुळात ५ ते २० मायक्रॉनच असते. दोन्ही रिंगा घट्ट असतील किंवा शाफ्ट तापत असेल, तर सी३, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मोकळीकीचे, बेअरिंग घ्यावे.

नुसत्या ड्रिलने हे माप येत नाही. शेवटचे ०.२ ते ०.३ मिमी बोअरिंग बारने काढावे, आणि जॉब (कापायचा भाग) निवल्यावरच मोजावे. २० अंश जास्त गरम असलेला ॲल्युमिनियमचा बोअर २४ मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे एच७ ची जवळपास सगळी सूट त्यातच जाते. पातळ भिंतीचा जॉब तीन जबड्यांत आवळून कापला, तर सोडल्यावर बोअर तिकोनी होतो. दोन टोकांवर टेकणाऱ्या गेजला हा दोष दिसत नाही, तिथे तीन टोकांचा इनसाइड मायक्रोमीटरच हवा. आतल्या कोपऱ्याची गोलाई १ मिमीपेक्षा कमी ठेवावी, नाहीतर रिंग खांद्याला (बोअरच्या आतल्या पायरीला) टेकत नाही.

मोठ्या झालेल्या बोअरला पंचाने टिंब उठवू नयेत. रिंग तेवढ्याच टोकांवर टेकते आणि ती लवकर चेपतात. बोअर वाढवून बुश (धातूची नळी) ठोकणे आणि पुन्हा मापाला कापणे हाच खरा उपाय.

बसवताना दाब घट्ट बसणाऱ्या रिंगवरच द्यावा. दुसरीवर दिला तर तो बॉलमधून जातो आणि रेसवर (बॉल फिरण्याच्या खाचेवर) खळगे पडतात.